खबर देणारा

वंशावळ मी लिहिली होती, त्यामुळे चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते.

धाकट्या बहिणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मिळाली होती. ती टिकवायची तर जात पडताळणीचा दाखला मुदतीत दाखवायचा होता. त्या दाखल्यासाठी वंशावळ लागते. स्टॅम्पपेपरवर सगळ्यात वर जो सापडेल तो पूर्वज, त्याच्याखाली त्याचा मुलगा, मग त्याचा, असं उतरत उतरत अर्जदारापर्यंत यायचं. शिवाय वरच्या माणसाचा पन्नास सालाआधीचा एखादा सरकारी कागद जोडायचा.

तो कागद आमच्याकडं होता. बाबांनी फार पूर्वी पांढरकवड्याच्या तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढून ठेवली होती. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंचं जुनं रजिस्टर. आमच्या नकलेत टाइप केलेली एकच ओळ होती, की अमुक एकाला मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा आणि तो अमुक म्हणजे पणजोबा. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. घरातून झाडून उकिरड्यावर टाकतात त्या वस्तूचं ते नाव होतं आणि त्याच्या शेवटी 'या' होता. ज्यांच्या घराण्यात अशी नावं होऊन गेली त्यांना ते न लिहिताही कळेल.

वंशावळ लिहिताना मी तो 'या' काढला आणि 'जी' लिहिलं. कुणाला विचारलं नाही.

विचारायचं कशाला, असं मला वाटलं होतं. मी पुस्तिकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होते, आणि जयंती असो, मेळावा असो, लग्न असो, सुट्टीच्या दिवशी घडीची खाट सायकलला बांधून पुस्तिका विकायला जायचे. सोळा पानी, बत्तीस पानी, पिवळ्या-निळ्या कव्हरच्या. शाळेच्या पुस्तकाआधी मी त्या वाचल्या. नावांवरची एक पुस्तिका मला तोंडपाठ होती. माणसाला एकेरी करून हाक मारणं हा जुलूम कसा चालत आला, ते तिच्यात उदाहरणांसकट लिहिलं होतं. ती वाचून मी आमच्या गल्लीत नियम काढला, की कुणीही कुणाचं नाव तोडायचं नाही. आठवडाभर पोरांनी ऐकलं. मग सगळ्यांनी मलाच 'ए जी' म्हणायला सुरुवात केली आणि नियम बारगळला.

पण आतून तो गेला नव्हता. स्टॅम्पपेपरवर पेन टेकवलं आणि हात आपोआप तिकडं वळला. मयत माणसाला निदान त्याच्या पणतीनं तरी मान द्यावा, एवढंच डोक्यात होतं.

तीन आठवड्यांनी समितीचा मेसेज आला. अर्जात त्रुटी. अभिलेखातील नाव व वंशावळीतील नाव यांत तफावत.

बहिणीनं तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन माझ्या पुढ्यात ठेवला.

"तुया एका 'जी'पायी माही सीट चालली, ताई."

"चालली कुठं? बारा दिवस आहेत अजून."

"मंग बारा दिवसांत काय करतं? समितीवर मोर्चा नेतं?"

मी बाबांकडं पाहिलं. ते शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसत होते.

"बाबा, तुम्हीच सांगा. तुम्हीच तर त्या पुस्तिकेत…"

"मी इकतो पुस्तिका," बाबा म्हणाले. "लिहित नाही. लिहिणारा राह्यतो मुंबई-नागपूरले. त्याले कोणती समिती इचारून राह्यली?"

बहीण हसली, आणि लगेच डोळे पुसत आत गेली. दोन वर्षं ती पहाटे उठून त्या परीक्षेचा अभ्यास करत होती. लहानपणापासून तिला गाई-म्हशींचीच डॉक्टर व्हायचं होतं. माणसांचं का नाही, असं विचारलं तर म्हणायची, जनावर निदान दवाखान्यात येऊन आपली जात सांगत नाही. तिची जागा माझ्या एका अक्षरानं अडवली होती.

समितीच्या कार्यालयातला माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर आमच्यासारख्या फायलींचा ढीग होता. त्यानं नक्कल आणि वंशावळ शेजारी शेजारी ठेवली.

"दोन गोष्टी आणा, मॅडम. एक तर मूळ बुकाच्या पानाची साक्षांकित प्रत. अन् दुसरं, ज्यानं यांना डोळ्यानं पाह्यलं अशा रक्ताच्या नातेवाइकाचं शपथपत्र, का हा 'या' अन् हा 'जी' एकच माणूस आहे."

"एकच आहे. मी फक्त आदरानं…"

"आदर लिहाले रकाना नाही ना फॉर्ममध्ये," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. माझ्या अंगाचा भडका झाला. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा पांढरकवड्याला गेलो. आमचं मूळ गाव केळापूरच्या पलीकडं. आता तिथं आमचं घर नाही, शेत नाही, ओळखही फारशी नाही. आजोबा तरुणपणीच गाव सोडून यवतमाळला आले, आणि दीक्षा घेतल्यावर तर त्यांनी गावाचं नावच टाकलं. घरात त्या गावाविषयी कुणी बोलायचं नाही. त्यामुळं पणजोबा म्हणजे माझ्यासाठी एक अपमानास्पद नाव होतं, त्यापलीकडं काहीच नाही.

अभिलेख कक्षात एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, आत गेल्या आणि लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आल्या.

"पानं जपून पलटवा. पापडासारखे झाले आहेत. एक मोडलं तं माही नोकरी जाईन."

बालबोध लिपी होती, पण अक्षर असं तिरकं आणि एकमेकांत गुंतलेलं की पहिली दहा मिनिटं मला फक्त शाई दिसत होती. मग हळूहळू रकाने उघडायला लागले. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. शेवटच्या रकान्याचं डोकं होतं 'खबर देणाऱ्याचे नाव'. बाईंनी बोट ठेवून आमची ओळ दाखवली. बापाच्या रकान्यात पणजोबांचं नाव होतं, 'या'सकट. जातीच्या रकान्यात ती जात, जी आम्ही दीक्षेच्या दिवशी सोडली आणि जिचा पुरावा आजही आम्हालाच द्यावा लागतो. आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा तेच नाव, पुढं 'कोतवाल', त्याखाली अंगठा.

मला वाटलं लिहिणाऱ्यानं चुकून नाव दोनदा लिहिलं. म्हणून वरची ओळ पाहिली. पाटलाच्या घरी मुलगा. बापाच्या नावापुढं 'जी', त्यापुढं 'राव'. शेवटच्या रकान्यात माझे पणजोबा आणि अंगठा. त्याच्या वर तेल्याच्या घरी मुलगी. शेवटच्या रकान्यात पणजोबा, अंगठा. त्याच्या वर कोलामांच्या पोडावर, म्हणजे पाड्यावर, मुलगा. तेच नाव, तोच अंगठा. मी पान उलटलं. पुढचं पान, त्याच्या पुढचं. डावीकडं माणसं बदलत होती, जाती बदलत होत्या, कुणाला जी, कुणाला राव, कुणाला या. उजव्या कडेनं मात्र एकच माणूस खालपर्यंत उतरत होता.

"हे सगळीकडं एकच नाव कसं?" मी विचारलं.

"अवो, कोतवालच देत होता ना खबर," बाई म्हणाल्या. "गावात कोण झालं, कोण गेलं, त्यालेच तं मालूम राहे. त्यानं येऊन सांगतलं का मंग लिहित." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुमचाच माणूस होता का तो?"

मी बाबांकडं वळले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गावकी करत एवढं मालूम होतं," ते म्हणाले. "पाटलाच्या मांगं मांगं पयाचं. त्याच्यात सांगण्यासारखं काय होतं?"

मलाही तेच शिकवलं गेलं होतं. गावकी म्हणजे पिढीजात वेठ, आणि ती फेकून दिली तेव्हाच आम्ही माणसं झालो. त्या शिकवणीतलं एक अक्षरही मला खोडायचं नाही. पण कुठल्याही पुस्तिकेनं मला हे सांगितलं नव्हतं की त्या वेठीतला एक माणूस गावाच्या प्रत्येक जन्मावर आपला अंगठा ठेवून गेला आहे. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. ते मोजायचं काम नव्हतं. काही अंगठे गडद होते, काही पुसट, एखादा घाईत फिरलेला. मग एका पानापासून पुढं प्रत्येक अंगठ्यात एक पांढरी आडवी रेघ दिसायला लागली. आधीच्या पानांवर ती नव्हती. त्या दोन पानांच्या मधे कधीतरी त्या माणसाचा अंगठा कापला गेला होता, भरला होता, आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा येऊन उभा राहिला होता. ऐंशी वर्षांनी मला ती जखम दिसत होती. मी पानावर अगदी वाकले.

"चक्कर आली का?" बाईंनी विचारलं.

"नाही. पाहून राह्यली," मी म्हटलं. ऑफिसांत मी कधी घरची बोली बोलत नाही. तेव्हा तोंडातून तीच निघाली.

मृत्यूंची पानं निराळी होती. एका पानावर जवळजवळ सगळ्या ओळींत कारण एकच होतं, पटकी म्हणजे कॉलरा. एकाच तारखेला सात मृत्यू. म्हातारे, पोरं, बाया. बायांची नावं होती, वय होतं, कुणाची बायको तेही होतं. सातव्या ओळीत मात्र नावाची जागा कोरी होती. पुढं फक्त 'कोतवालाची बायको', अंदाजे वय, पटकी. आणि शेवटी तो रेघवाला अंगठा.

म्हणजे माझी पणजी. सगळ्यांची नावं लिहायला बुक लिहिणाऱ्या मुनशीला शाई पुरली, आणि कोतवालाच्या बायकोपाशी येऊन संपली. मी त्या पानाचा आणि जन्माच्या एका रेघवाल्या पानाचा फोटो काढला. बाईंनी आमच्या ओळीची साक्षांकित प्रत करून दिली आणि शिक्का मारताना म्हणाल्या, "लोक येते, आपली एक ओळ पाह्यते अन् जाते. खबर देणाऱ्याले पाह्यणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

आता शपथपत्र राहिलं होतं. पणजोबांना डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस हयात होतं. त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे बाबांची आत्या. लग्न होऊन ती राजूरला गेली. नवरा कोळशाच्या खाणीत होता, आता नाही. आम्ही तिला राजूरची आजी म्हणतो. तिच्याकडं जाणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तेही मयतीला नाहीतर लग्नाला.

ती दारात बसून अंबाडीची भाजी निवडत होती. दारावर, तुळईवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर कोळशाची बारीक काळी धूळ होती. बाबा वाकले तसं तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"कागद पाह्यजे राह्यला का मंगच राजूर दिसते तुमाले."

"तसं नाही, आत्याबाई…"

"मंग कसं? सांग. अन् बुढा झाला रे बाबू तू. माह्यापेक्षा बुढा दिसतं."

मी सगळी हकीकत सांगितली. बहिणीची जागा, मुदत, 'या' आणि 'जी'. ती काड्या बाजूला टाकत ऐकत होती. 'जी'पाशी आल्यावर थांबली.

"जी कोनं लावलं?"

"मी."

"त्या नावाले?"

"हो."

ती इतकी हसली की तिच्या मांडीवरची भाजी सांडली. "बाप्पा! केरसुनीले जी म्हनाव तसं झालं हे. बा असता तं पोट धरून हासला असता."

मी दुखावले. तिला फोनवरचा फोटो दाखवला, जन्माच्या त्या रेघवाल्या पानाचा. तिला वाचता येत नाही. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग तिचं हसू थांबलं. तिनं नखानं त्या पांढऱ्या रेघेवरून फिरवलं.

"हा बाचा अंगठा हाय. पाटलाच्या घरी मांडव होता, तवा बांबू तासता तासता इळा लागला." ती पुन्हा पाहत राहिली. "थ्या बुकात हाय हे? अजून हाय?"

"सगळ्या पानांवर आहे, आजी."

मग ती बोलायला लागली, आणि आम्ही संध्याकाळच्या बसपर्यंत हललो नाही.

पणजोबांना अक्षर येत नव्हतं. पंधरा-वीस दिवसांनी एकदा ते पांढरकवड्याला खबर द्यायला जायचे. मधल्या दिवसांत गावात जे घडेल ते लक्षात ठेवायचं होतं. त्यासाठी त्यांच्या शेल्याच्या टोकाला गाठ असायची. मुलगा झाला की गाठीत सरकी, मुलगी झाली की तुरीचा दाणा, कुणी गेलं की खडा.

"अन् कोनाचा कोनता दाना ते कसं समजे?" बाबांनी विचारलं. ते आता लहान मुलासारखे तिच्यापुढं सरकून बसले होते.

"त्याले समजे. येशीपासून सुरू करे, घरावरून घर. गाठ सोडे, एकेक दाना काढे, अन् रातच्यान आमाले म्हनून दाखवे. हा अमक्याचा, हा तमक्याचा. आमी पोट्टे चूक काढाले टपून बसो. नाई सापडली कधी."

"आणि तिथं गेल्यावर?"

"तिथं मुनशी ओसरीवर बसे, बा खाली आंगनात उभा. तिथून मोठ्यानं सांगे. मुनशी लिहे. अंगठ्याची येळ आली का शाईची डबी काडीनं सरकवे. हात लागू नये म्हनून."

"आणि पान?"

"पानाले काय करन? बुक तं त्याच्यापुढं ठेवाच लागे. अंगठा दुरून कसा उमटन वं?"

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली आणि पुढची काडी मोडली. मी मात्र तिथंच अडकले. ज्या हाताचं पाणी त्या गावाला चालत नव्हतं, त्या हाताचा ठसा पडल्याशिवाय त्या गावात कुणी जन्मलं असं सरकार मानत नव्हतं. पाटलाचा नातू असो की भटजीचा. इतकी पत्रकं मी वाचली, काही लिहिलीसुद्धा, पण असलं वाक्य माझ्या हाती कधी लागलं नव्हतं. आणि ते सांगणारी बाई अंबाडी निवडत होती.

"आजी, ते नाव त्यांना कुणी दिलं? पाटलानं?"

"नाव तं त्याच्या मायनं ठेवलं."

"स्वतःच्या आईनं?"

"आंधीचे तीन लेकरं गेले होते तिचे. मरनाले वाटलं पाह्यजे, हे फेकाची चीज हाय, हे कायले नेवाव. म्हनून ठेवलं. राह्यला ना तो मंग."

इतकी वर्षं मी ज्या नावावर दात खाल्ले, ते एका बाईनं मरणाला फसवायला शोधलेलं होतं.

"आणि 'या'?" मी हळू विचारलं. "तो तरी पाटलाचाच ना?"

"'या' साऱ्यायचाच होता. मोहल्ल्यातले म्हनत थेही 'या'च, अन् पाटील म्हने थेही 'या'च. लाडाचा कोनता अन् हिडीसफिडीसचा कोनता, ते त्याले आवाजावरून समजे. तुले लिहेलं दिसते नुस्तं, म्हनून तुले समजत नाई."

मग मी तिला मृत्यूचं पान दाखवलं आणि त्या कोऱ्या जागेविषयी सांगितलं. सगळ्यांची नावं आहेत, तुझ्या आईचं तेवढं नाही, मुनशीनं लिहिलंच नाही, असं जरा रागानंच म्हटलं.

तिनं फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला. तिला तिथं काय दिसत होतं कोण जाणे.

"मुनशीनं इचारलंच असन," ती म्हणाली. "बानं सांगतलं नसन. बायकोचं नाव घेत नव्हते ना तवा. आमी त्याच्या तोंडून मायचं नाव कधी ऐकलंच नाई. साऱ्या गावाचे नाव घेनारा मानूस, घरच्या एका नावापाशी मुका होये." तिनं फोन माझ्या हातात दिला. "मी सात-आठ वर्साची असन. त्या दिवसी त्यानं गाठ बांधली तवा मी पाहून राह्यली होती. खडे बांधले त्यानं. एक नाई बांधला. थो मुठीत धरला अन् तसाच गेला पायी पांढरकवड्याले."

बाबांनी चष्मा काढला. बाहेरून कोळशाचा ट्रक गेला आणि दाराची कडी खडखडली.

म्हणजे सातवी ओळ अशी लिहिली गेली होती. सहा घरांची खबर आधी, नावानिशी, चूक न करता. मग स्वतःच्या घराची. मुनशी विचारतोय नाव काय, आणि अंगणात उभा असलेला माणूस मुठीत खडा धरून गप्प आहे. त्या कोऱ्या जागेला मी मुनशीचा माज समजले होते.

"तिचं नाव काय होतं, आजी?"

तिनं सांगितलं. मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं. वंशावळीत ते बसत नाही, तिथं बायकांसाठी फांदीच नसते. त्याविषयी मी कधीतरी भांडणार आहे, पण त्या दिवशी भांडायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वणीला नोटरीसमोर आजीचं शपथपत्र झालं. नोटरीनं मसुदा वाचून दाखवला, की अभिलेखात 'या' असं नाव असलेली आणि आधीच्या वंशावळीत 'जी' असं नाव लिहिलेली व्यक्ती एकच असून ते माझे वडील होत. आजीनं विचारलं, "आता त्या पोरीची शिकवनी अडनार नाई ना?" नोटरी म्हणाला, नाही अडणार. तेव्हा तिनं अंगठा पुढं केला.

शपथपत्रासोबत जोडायला वंशावळ मी नव्यानं लिहिली. पणजोबांचं नाव बुकात होतं तसंच लिहिलं. त्या नावाखाली एका आईची तीन मेलेली लेकरं होती आणि एका माणसाचे हजार अंगठे होते. त्यात माझं एक अक्षर घालायची मला हिंमत झाली नाही.

दाखला मुदतीच्या दोन दिवस आधी मिळाला. बहीण आता वसतिगृहात राहते आणि व्हिडिओ कॉलवर मला म्हशीचे दात दाखवते. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या सुनावणीविषयी.

टेबलापलीकडं तिघं अधिकारी होते. मधल्यांनी फाइल उघडली आणि बहिणीला म्हणाले, "वंशावळ तोंडी सांगा." मी मागच्या खुर्चीवर बसले होते. घरून निघताना तिनं मला विचारलं होतं की पणजोबांचं नाव कसं म्हणू, आणि मी पहिल्यांदाच तिला म्हटलं होतं, मला माहीत नाही.

तिनं बाबांचं नाव सांगितलं. आजोबांचं सांगितलं. मग पणजोबांचं नाव, 'या'सकट, शाळेत हजेरी देतात तसं खणखणीत म्हटलं. डावीकडच्या अधिकाऱ्यानं मान वर केली. तिच्याकडं पाहून तो किंचित हसलासुद्धा, त्या नावाला लोक हसतात तसं.

"ते माझे पणजोबा होते," बहीण म्हणाली. "ते गावचे कोतवाल होते. जन्म-मृत्यूची खबर तेच देत होते."

नाव तिनं एकेरीच ठेवलं. पण 'होते' म्हणाली, 'देत होते' म्हणाली. मी तो मान नावाच्या शेपटीला बांधायला निघाले होते. तिनं तो क्रियापदात ठेवला, जिथं कुठली समिती तफावत काढू शकत नाही. आणि त्या अधिकाऱ्याचं हसू गेलं. त्यानं साक्षांकित प्रत पुढं ओढली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि अंगठा पाहिला.

"म्हणजे हे खबर देणारेही तेच?" त्यानं विचारलं. "मग त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं का?"

त्यांना, म्हणाला तो.

"नाही सर," बहीण म्हणाली. "ते सांगत होते, सरकार लिहून घेत होतं."